सर्वांत कमी दराचा कोट

पन्नाशीनंतर माणसाने नवे व्यसन लावून घेऊ नये, नवा शत्रू करू नये आणि नवे कपडे तर मुळीच शिवू नयेत, असे निविदारावांच्या बायकोचे मत होते. ते ती वारंवार बोलूनही दाखवी. पण त्या घरात तिच्या मताला भिंतीवरच्या घड्याळाइतकाच मान होता. ते चालू आहे याची सगळ्यांना खात्री असे, म्हणून वर मान करून कोणी बघत नसे.

निविदाराव हे काही त्यांच्या आईबापांनी ठेवलेले नाव नव्हे. ते वजनमापे कार्यालयात खरेदी शाखेचे हेडक्लार्क. टाचण्यांचा डबा घ्यायचा झाला तरी तीन दुकानदारांकडून बंद पाकिटात दर मागवायचे, पाकिटे साक्षीदारांसमोर फोडायची आणि ज्याचा दर सर्वांत कमी त्याच्याकडून टाचण्या घ्यायच्या, हा त्यांचा धर्म. त्या टाचण्या कागदात शिरायच्या ऐवजी मधेच वाकत, ही गोष्ट वेगळी. टाचणीने टोचलेच पाहिजे असे कुठल्या नियमात लिहिले आहे? मात्र उभ्या नोकरीत त्यांनी कुणा दुकानदाराचा चहासुद्धा फुकट घेतला नव्हता. त्यांना नावे ठेवणारेही एवढे कबूल करत की, माणूस डोक्याने कसाही असो, हाताचा स्वच्छ आहे. निविदारावांची सगळी इस्टेट म्हणजे हे एक वाक्य. त्याचा पहिला अर्धा भाग ते सोयीने विसरत.

तर यंदा खरेदी अधिकाऱ्याची जागा रिकामी झाली. ज्येष्ठतेने ती निविदारावांचीच होती. पण मुख्यालयातल्या कुणा रिकामटेकड्याने मुलाखतीत ‘व्यक्तिमत्त्व’ नावाचा नवा रकाना घुसडला आणि त्याला भरघोस गुण ठेवले. दुसरा उमेदवार शेजारच्याच टेबलावरचा. त्याला सगळे कडक इस्त्री म्हणत. फाइल कुठल्या बाजूने उघडते हे त्याला अजून नीट कळले नव्हते. पण तो न उघडलेली फाइल अशा काही ऐटीत काखेत धरी की बघणाऱ्याला वाटावे, आत राज्याचे भवितव्य आहे. आत बहुधा डबा असे.

साहेबांनी निविदारावांना केबिनमध्ये बोलावले.

“तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही,” साहेब म्हणाले. “पण मागं ते पाहुणे आले होते, ते तुम्हाला काय म्हणाले, आठवतं?”

“गाडी सावलीत लाव म्हणाले.”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“मला गाडी चालवता येत नाही, असं सांगितलं.”

साहेबांनी कपाळावर हात मारला. “अहो, मी हेडक्लार्क आहे असं सांगायचं होतं! चार बरे कपडे घ्या. अधिकारी व्हायच्या आधी माणूस अधिकारी दिसावा लागतो.”

हे वाक्य निविदारावांना लागले. त्यांच्या अंगातली पँट गुडघ्यावर फुगलेली आणि मागे चकाकणारी होती. शर्टाचा रंग कोणता, हे धोबीसुद्धा सांगू शकला नसता. पण आपण गबाळे दिसतो हे ठाऊक असणे निराळे आणि ते वरिष्ठांनी सांगणे निराळे. त्या संध्याकाळी त्यांनी घरी जाहीर केले की आता आपण कपड्यांच्या बाबतीत पद्धतशीर होणार.

“म्हणजे काय करणार?” बायकोने विचारले.

“हुशारीनं खरेदी.”

“देवा!” असे म्हणून ती आत गेली.

कॉलेजात जाणारी मुलगी मात्र खूश झाली. “बाबा, ढीगभर कपडे घ्यायचेच नाहीत,” ती म्हणाली. “मोजके घ्यायचे, पण एकमेकांवर चालणारे. दोन पँट, तीन शर्ट आणि एक झकास कोट. कुठलाही कशावरही घाला, रोज वेगळे दिसाल.”

थोड्या कपड्यांत रोज वेगळे दिसायचे, ही कल्पना निविदारावांना एकदम पटली. त्यात शोभेपेक्षा काटकसर जास्त होती. हल्ली लोक हिलाच उच्च अभिरुची म्हणतात. पूर्वी ज्याच्याकडे दोनच शर्ट असत त्याला गरीब म्हणत. आता तोच माणूस दोन्ही शर्ट एकाच रंगाचे घेतो आणि इतरांना व्याख्यान देतो.

बातमी जिन्यातून खाली-वर पसरली आणि सल्ले येऊ लागले. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक मुद्दाम खाली आले. “उभ्या रेघा घ्या,” ते म्हणाले, “माणूस उंच दिसतो. आडव्या रेघांनी माझं आयुष्य वाया गेलं.” मुख्याध्यापक दाराची चौकट ओलांडताना वाकत, इतके उंच होते. पण वाया गेलेल्या आयुष्याला काहीतरी कारण हवेच. समोरच्या वहिनींचे म्हणणे पडले की कपड्यांपेक्षा चेहरा महत्त्वाचा. असे म्हणून त्यांनी निविदारावांच्या चेहऱ्याकडे बघितले, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “नाही, तुम्ही कपडेच घ्या, भाऊजी.”

पहिल्या रविवारी निविदाराव सेल लागलेल्या एका मोठ्या दुकानात गेले. काचेवर लिहिले होते, ‘दोन शर्टांवर एक मोफत’. निविदारावांनी ते तीनदा वाचले, आत गेले आणि विक्रेत्याला शांतपणे सांगितले, “मला दोन नकोत. तो मोफतचा तेवढा दाखवा.”

“साहेब, दोन घेतल्यावर मिळतो.”

“पण मोफत आहे ना?”

“दोन घेतल्यावर.”

“मग त्याला तिसरा म्हणा. मोफत कशाला म्हणता? हे फसवं माप झालं.” आणि त्यांनी खिशातून कार्यालयाचे ओळखपत्र काढले. मॅनेजर आला. मॅनेजरने पाणी विचारले, ते त्यांनी नाकारले. बसायला खुर्ची दिली, तीही नाकारली. शेवटी त्यांच्यामागे खोळंबलेल्या रांगेतली एक बाई ओरडली, “अहो काका, मी दोन घेते आणि तिसरा तुम्हाला देते, पण बाजूला व्हा!” निविदारावांना हा आयुष्यातला सर्वांत मोठा अपमान वाटला. तसा तो नव्हता. तो अजून यायचा होता.

मग मुलीने शर्ट मोबाइलवरून मागवले. तीन शर्ट आले. तिन्हींना बाह्या होत्या, एवढी एकच गोष्ट मागणीप्रमाणे होती. निविदारावांनी परत करण्यासाठी फोन लावला. फोनवरचे यंत्र गोड आवाजात म्हणाले की परत करायचे कारण निवडा: माल खराब आहे, माल चुकीचा आहे किंवा आपले मन बदलले आहे. निविदारावांना चौथे कारण द्यायचे होते. माल बरोबर आहे, मनही तेच आहे, पण फोटोतल्या माणसाच्या अंगावर तो जसा दिसतो तसा माझ्या अंगावर दिसत नाही. त्यासाठी बटण नव्हते. जेवणाची ताटे मांडेपर्यंत ते त्या यंत्राशी हुज्जत घालत होते आणि शेवटी त्यांनी यंत्राला त्याच्या वरिष्ठांचे नाव विचारले. यंत्राने त्यांना गाणे ऐकवले. शर्ट घरातच राहिले.

आता निविदारावांनी ठरवले की पुरे झाली ही उधळपट्टी. कोटाची खरेदी आपल्या धर्माप्रमाणेच करायची. तीन दुकानांतून कोटाच्या कापडाचे दर बंद पाकिटात मागवायचे. मात्र आपण हेडक्लार्क आहोत हे कळले तर एखादा दुकानदार उगाच सूट देईल आणि हाताला डाग लागेल. म्हणून त्यांनी मेहुण्याला पाठवले. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. कुठल्याही कामाला ‘होऽ, त्यात काय!’ म्हणायचे आणि ते खरेच करून यायचे, असा त्याचा विचित्र स्वभाव होता. त्याने स्वतःच्या नावाने तीन पाकिटे आणली. कोटाचे कापड आणायला गेलेल्या माणसाने बंद पाकीट मागितले म्हणून दोन दुकानदार हसले आणि एकाने त्याच्या डोक्याबद्दल चौकशी केली, हे त्याने बहिणीला तेवढे सांगितले.

पाकिटे जेवणाच्या टेबलावर फोडण्यात आली. साक्षीदार: बायको, मुलगी आणि मीठ मागायला आलेल्या समोरच्या वहिनी. सर्वांत कमी दर निघाला जुन्या बाजारातल्या एका कापडवाल्याचा. नाव वाचून निविदाराव थबकले.

“काय झालं?” बायकोने विचारले.

“यानंच आमच्या सभागृहाच्या पडद्यांचं काम घेतलंय. तिथंही याचाच दर सर्वांत कमी होता.”

“मग नको. उगाच कोणी काही म्हणेल.”

निविदाराव उठले आणि खोलीत येरझाऱ्या घालू लागले. कार्यालयाच्या पुरवठादाराकडून घरचे कापड घेणे बरे दिसणार नाही, हे खरे. पण सर्वांत कमी दर नाकारणे म्हणजे तर महापाप. शिवाय कापडवाल्याला गिऱ्हाईक कोण, हे कुठे माहीत आहे? त्यांनी निकाल दिला की दर स्वीकारावा. वहिनींनी मीठ घेतले आणि टाळ्या वाजवल्या.

मेहुण्याने कापड आणले. राखाडी रंगावर निळसर झाक, बारीक तिरकी वीण, हाताला जड. बायकोनेसुद्धा ते दोनदा चाचपून पाहिले. “इतकं स्वस्त कसं?” तिने विचारले.

“तागा एका मोठ्या ऑर्डरमधून उरलाय म्हणाला, ताई. उरलेला म्हणून काढून टाकतोय.”

“याला म्हणतात बाजार कळणं!” निविदाराव म्हणाले. मेहुण्याने नुसती मान हलवली, कारण बाजारात तो गेला होता.

आता शिंपी. शिंप्याने गळ्यातली टेप काढून छातीभोवती गुंडाळली, तोच निविदारावांनी ती दोन बोटांत धरली. “ही प्रमाणित आहे का?”

“काय आहे का?”

“शिक्का कुठाय? आणि ही ताणलेली दिसते. बघा, सुरुवातीचे आकडे पुसलेत.”

शिंपी बापजाद्यांपासून त्या गल्लीत होता आणि स्वतःला कलावंत समजत होता. त्याने टेप पुन्हा गळ्यात घातली. “मग तुम्हीच मोजून आणा,” तो म्हणाला. “तुमच्या शिक्क्यानं.” आणि त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या पायजम्याला नाडी ओवायला घेतली. निविदारावांनी मग कार्यालयातल्या धातूच्या प्रमाणित मीटरपट्टीसारखी एक पट्टी घरी पैदा केली आणि मुलीकडून मापे घेतली. सरळ पट्टीने पोटाचा घेर मोजता येत नाही, हे शास्त्र त्या दिवशी सगळ्या घराला समजले. शेवटी पोटाला सुतळी गुंडाळली आणि सुतळी मोजली. जो माणूस स्वतःचे पोट सुतळीने मोजतो, त्याने त्याच आठवड्यात कार्यालयात आलेले पडद्यांचे गठ्ठे मात्र न सोडता, न मोजता सही करून ताब्यात घेतले. वजनमापे कार्यालय जगाची मापे तपासते. स्वतःची तपासावी असा आदेश नाही.

इतके होऊनही कोट उत्तम झाला, हे कबूल केले पाहिजे. मुलाखतीच्या सकाळी निविदाराव आरशासमोर उभे राहिले आणि आरशातल्या गृहस्थाला त्यांनी जवळजवळ नमस्कार केला. मुख्याध्यापक जिन्यात भेटले, म्हणाले, “उभ्या रेघा असत्या तर...” आणि पुढे काही सुचले नाही म्हणून थांबले. कार्यालयाच्या दारातल्या पहारेकऱ्याने चक्क सलाम ठोकला. कडक इस्त्रीने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिले आणि पहिल्यांदाच स्वतःच्या कॉलरवरून हात फिरवला. निविदारावांना वाटले, जागा मिळाली.

मुलाखत नव्या सभागृहात होती. पडदे लागल्यापासून ते कुलूपबंद होते. निविदारावही प्रथमच आत जात होते. समोर तिघे: मुख्यालयातून आलेल्या मॅडम, आपले साहेब आणि व्यक्तिमत्त्वाचे तज्ज्ञ म्हणून बाहेरून आणलेले एक गृहस्थ. त्यांच्या स्वतःच्या व्यक्तिमत्त्वात झोप हा मुख्य गुण दिसत होता. उमेदवाराची खुर्ची खिडकीला लागून, पडद्याच्या पुढ्यात होती. निविदाराव रुबाबात जाऊन बसले.

मॅडमनी डोळे बारीक केले. “जरा पुढं सरकून बसता का? मला तुमचं फक्त डोकं आणि हात दिसताहेत.”

निविदाराव पुढे सरकले. त्याबरोबर त्यांच्यामागच्या पडद्याखालून उन्हाची तिरीप आली आणि नेमकी मॅडमच्या डोळ्यांवर पडली. मॅडमनी हात आडवा धरला. “हे पडदे इतके आखूड कसे? कोणी घेतले?”

“मीच, मॅडम,” निविदाराव अभिमानाने म्हणाले. “सर्वांत कमी दरात.”

“मोजून घेतलेत?”

निविदाराव खिशात रुमाल शोधू लागले. साहेबांनी खाली टेबलाकडे बघितले. मॅडमनी मीटरपट्टी मागवली. त्या कार्यालयात दुसरे काही वेळेवर मिळत नसले तरी मीटरपट्टी मिळते. एकेक पडदा मोजण्यात आला. प्रत्येक पडदा हातभर आखूड होता आणि खिडक्या तर भिंतभर होत्या. मॅडमनी पडद्याचे कापड चिमटीत धरले. मग त्या वळल्या. मग त्या निविदारावांच्या बाहीकडे बघू लागल्या.

निविदारावांनी बाही बघितली. पडदा बघितला. पुन्हा बाही बघितली. राखाडी रंगावर निळसर झाक, बारीक तिरकी वीण. उरलेला तागा कुठून उरला होता, हे त्यांना त्या क्षणी उमगले.

“हे कापड तुमच्याकडे कसं आलं?” मॅडमनी अगदी हळू विचारले.

साहेब डोळ्यांनी काहीतरी खुणावत होते. बहुधा ‘आठवत नाही म्हणा’ असे. निविदारावांना आता जागेची पर्वा राहिली नव्हती. हाताचा स्वच्छ आहे, हे एवढेच कमावलेले आणि तेच आता भर सभागृहात जाऊ घातलेले. आता दोनच मार्ग होते: चोर ठरायचे किंवा मूर्ख. त्यांनी सगळे सांगितले. पाकिटे सांगितली, मेहुणा सांगितला, मीठ मागायला आलेल्या वहिनीसुद्धा सांगितल्या.

मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. “म्हणजे कार्यालयाच्या पैशानं एकदा घेतलेलं कापड तुम्ही स्वतःच्या पैशानं पुन्हा विकत घेतलंत?”

“हो,” निविदाराव म्हणाले आणि जुन्या सवयीने त्यांची मान ताठ झाली. “पण पहिल्यापेक्षा कमी दरानं.”

तज्ज्ञ गृहस्थ पूर्ण जागे झाले. ते असे हसले की त्यांना पाणी द्यावे लागले. साहेब हसले, मॅडमही रुमालात हसल्या. बाहेर बसलेल्या कडक इस्त्रीला वाटले, निविदारावांनी मैफल जिंकली, आणि त्याला दरदरून घाम फुटला.

हसून झाल्यावर साहेबांना एकदम भान आले. “मॅडम,” ते म्हणाले, “वजनमापे कार्यालयालाच कापडवाल्यानं मापात मारलं, हे बाहेर गेलं तर उद्या भाजीवालासुद्धा आपल्याला तराजू दाखवायचा नाही.”

मॅडमचे हसू मावळले. थोडी कुजबुज झाली आणि ठरले की पडदे बरोबर आहेत. खिडक्या प्रमाणाबाहेर लांब आहेत. खिडक्यांबाबत इमारत विभागाला कळवावे.

“पण मॅडम, कापड चोरलंय त्यानं!” निविदाराव उभे राहिले.

“पडदे कमी नाहीतच, तर चोरी कसली?” साहेब म्हणाले. “सुटलात तुम्ही. आणि हे बघा, हा कोट आता कार्यालयात घालून येऊ नका. उगाच कोणीतरी दोन्हींकडे बघेल.”

व्यक्तिमत्त्वाचे गुण कडक इस्त्रीला मिळाले आणि जागाही. त्याने पहिली सही उलट्या धरलेल्या कागदावर केली, असे म्हणतात. त्याने काही बिघडले नाही.

निविदाराव घरी आले. बायकोने त्यांचा चेहरा बघितला आणि काही न विचारता पाणी दिले. त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि सगळी हकीकत सांगितली.

“चोर म्हणाले का तुम्हाला?” तिने विचारले.

“नाही.”

“मग काय म्हणाले?”

“म्हणाले काही नाही. पण मूर्ख समजले.”

“मग ठीक आहे. चोर म्हणाले असते तर उद्या येऊन एकेकाला बघितलं असतं. मूर्ख म्हटल्यावर मी कुठल्या तोंडानं भांडू? मीच रोज म्हणते.”

निविदारावांना हसू येईल असे तिला वाटले होते. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. “खरं सांगितलं तेव्हा हसले गं,” ते म्हणाले. “आणि मग खोटं ठरवलं तेव्हा सगळे एकदम गंभीर झाले.”

इतकी वर्षे ज्या माणसाच्या डोक्याला बायको नावे ठेवत आली, त्याच्याबद्दल तिला त्या वेळी फार माया वाटली आणि त्या सगळ्या कार्यालयाचा संताप आला. तिने खुर्चीवरचा कोट उचलला, दोन झटके देऊन झटकला आणि हँगरला लावला.

“उद्या हाच घालून जा,” ती म्हणाली.

“अगं, साहेबांनी घालू नका म्हणून सांगितलंय.”

“लेखी दिलंय?”

निविदारावांनी मान वर करून तिच्याकडे बघितले. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण हिच्यात खरेदी शाखेची बुद्धी आहे हे त्यांना कधी दिसले नव्हते. त्यांनी मनाशी नीट आठवून पाहिले. नाही, लेखी काही दिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी निविदाराव कोट घालून कार्यालयात गेले आणि सभागृहाचा दरवाजा उघडा ठेवून, पाठीमागे आतले पडदे दिसतील असे, त्याच्यासमोर आपले टेबल लावून बसले.